लहान पक्ष्यांचे छायाचित्रण : निसर्गनिरीक्षणाचा एक पाठ

प्रास्ताविक

खेड्यातील शाळा कितीही लहान असो, तिच्या आवारात पक्ष्यांची वर्दळ नाही असे सहसा होत नाही. कुंपणावर बुलबुल, जास्वंदीवर शिंजीर, कडुनिंबात दयाळ, वळचणीला चिमणी आणि हिवाळ्यात पाण्याच्या टाकीजवळ शेपटी हलवीत फिरणारा धोबी, ही मंडळी रोज विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोरून जात असतात. परंतु डोळ्यांसमोरून जाणे वेगळे आणि नीट पाहिले जाणे वेगळे. शिंजिराची चोच कशी असते, असा प्रश्न चौथीच्या वर्गात विचारला, तर 'लहान असते' एवढेच उत्तर बहुधा मिळते. ती बारीक, लांब व खाली वाकलेली असते आणि फुलाच्या नळीतील मधापर्यंत पोहोचण्यास तोच आकार सोयीचा असतो, हे स्वतः पाहून सांगणारा विद्यार्थी विरळा.

अशा पाठासाठी पूर्वी भिंतीवरील तक्त्यावरच भिस्त ठेवावी लागे. आता अनेक शिक्षकांच्या हाती मोबाइल असतो व त्यात कॅमेराही असतो. तथापि साधन हाती आले म्हणजे विद्या हाती आली असे नाही. लहान पक्ष्याचे त्याच्या नैसर्गिक परिसरात छायाचित्र घेणे ही आधी निरीक्षणाची, मग धीराची आणि सर्वांत शेवटी यंत्राची कला होय. या क्रमात उलटापालट झाली, की चित्र तर बिघडतेच. पण कित्येकदा पक्ष्याचा संसारही मोडतो. चित्र उत्तम आले आणि घरट्यातील पिले दगावली, तर तो पाठ फसला असेच समजले पाहिजे.

पाठाचे हेतू

(१) परिसरातील लहान पक्ष्यांच्या सवयी, जागा व वेळा यांची विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष ओळख करून देणे.
(२) अंतर, आकार व प्रकाश यांविषयीच्या गणित-विज्ञानातील ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग दाखविणे.
(३) वन्य जीवास त्रास न देता त्याचा अभ्यास करण्याची शिस्त अंगी बाणविणे.

पूर्वपीठिका

पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात वाढलेले रिचर्ड व चेरी कार्टन हे दोघे बंधू या विद्येचे आद्य प्रवर्तक मानले जातात. १८९२ साली त्यांनी अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले आणि १८९५ साली ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांविषयी छायाचित्रांनी सजविलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळचे कॅमेरे अवजड असत व चित्र काचेच्या पट्टीवर उमटे. पक्ष्याला न बुजविता जवळ जावे कसे, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी बैलाच्या कातड्याचा एक पोकळ बैल करवून घेतला आणि त्याच्या पोटात माणूस व कॅमेरा लपवून कुरणात उभा केला. गुरे रोज चरतात, त्यांच्यापासून अपाय होत नाही, हे पक्ष्यांना ठाऊक असते. या साध्या निरीक्षणावर ती युक्ती आधारलेली होती.

आपल्या देशात या विद्येला पक्षिशास्त्राची साथ मिळाली. मुंबईची निसर्ग इतिहास संस्था, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, १८८३ साली स्थापन झाली. तिच्याशी आयुष्यभर निगडित असलेले डॉ. सालिम अली (१८९६-१९८७) यांनी १९३० साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातील किहीम येथे सुगरण पक्ष्याच्या विणीचे चिकाटीने निरीक्षण केले व पुढील वर्षी ते प्रसिद्ध केले. घरटे विणण्याचा आरंभ नर करतो. ते अर्धवट झाले की माद्या येऊन ते पारखतात. एखादीने पसंत केले म्हणजे नर ते पुरे करतो आणि पुन्हा दुसऱ्या घरट्यास लागतो, असा क्रम त्यांना आढळला. त्या पक्ष्याचे नाव स्त्रीलिंगी असल्याने 'घर बांधते ती मादी' असा समज आपल्याकडे रूढ आहे. पावसाळ्यात घरट्याला लोंबकळून पाते ओढणाऱ्या, पिवळ्या माथ्याच्या नराचे एक स्पष्ट छायाचित्र तो समज क्षणात दूर करू शकते. छायाचित्राचे शैक्षणिक मोल ते हेच.

पक्षी दूर का पळतो ?

प्रत्येक पक्षी आपल्याभोवती एक अदृश्य रेषा आखून बसलेला असतो. त्या रेषेपलीकडे माणूस असला, तर पक्षी आपले काम चालू ठेवतो; रेषा ओलांडली, की तो उडतो. ही रेषा सर्वांची सारखी नसते. अंगणातील चिमणी दोन-तीन मीटरपर्यंत जवळ येऊ देते, तर माळावरचा तोच आकाराचा चंडोल पुष्कळ आधी उडून जातो. माणसाची सवय, लपण्यास जवळ असलेले झुडूप, पिले असणे वा नसणे, यांवर ती कमी-जास्त होते.

उडण्यापूर्वी पक्षी सूचना देतो. तो खाणे थांबवितो, मान उंच करतो, अंगाची पिसे आवळून सडपातळ दिसू लागतो, शेपटी झटकतो आणि धोक्याचा आखूड, कर्कश आवाज काढतो. यांपैकी पहिली खूण दिसताच जो जागच्या जागी थांबतो, त्याला पक्षी पुन्हा खाऊ लागलेला पाहावयास मिळतो. जो आणखी दोन पावले टाकतो, त्याला रिकामी फांदी मिळते. प्रथम कॅमेरा बाजूस ठेवून विद्यार्थ्यांनी आठवडाभर या खुणाच ओळखण्याचा सराव करावा.

लहान पक्ष्यांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्यांना मागचेही बरेच दिसते. त्यामुळे पाठीमागून गुपचूप जाण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो. त्याऐवजी सरळ रोखून न पाहता, वाकडी वाट घेत, सावकाश व मधूनमधून थांबत जावे. भडक व पांढरे कपडे टाळावेत. मातकट वा हिरवट कपडे बरे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हाताची अकस्मात हालचाल होऊ देऊ नये.

अंतराचे गणित

शिंजीर सुमारे १० सेंटिमीटर लांब असतो. एवढासा पक्षी छायाचित्रात ठिपक्याएवढा का दिसतो, हे पुढील सूत्राने समजते. प्रतिमेची लांबी काढण्यासाठी भिंगाचे नाभीय अंतर व पक्ष्याची लांबी यांचा गुणाकार करावा आणि त्यास पक्ष्यापर्यंतच्या अंतराने भागावे.

५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने ५ मीटरवरील शिंजिराची प्रतिमा कॅमेऱ्याच्या आत अवघी १ मिलिमीटर उमटते. ५०० मिलिमीटरच्या भिंगाने त्याच जागेवरून ती १० मिलिमीटर येते. म्हणूनच पक्ष्यांची छायाचित्रे घेणारे लोक लांब नळीची भिंगे वापरतात. परंतु ही भिंगे महाग असतात व शाळेने ती घ्यावीत अशी अपेक्षा नाही.

मोबाइलच्या मुख्य भिंगाचे नाभीय अंतर साधारणपणे ५-६ मिलिमीटर असते. २ मीटरवरून त्यात आलेला शिंजीर ०.३ मिलिमीटरचाच भरतो. पडद्यावर बोटांनी चित्र मोठे केल्याने तपशील वाढत नाही. असलेलेच ठिपके ताणले जातात. मात्र तोच मोबाइल पक्ष्यापासून ५० सेंटिमीटरवर ठेवता आला, तर प्रतिमा चौपट होते. तात्पर्य, महाग भिंगाची उणीव अंतर कमी करून भरून काढता येते. माणसाला इतके जवळ जाता येणार नाही; पण यंत्राला जाता येईल. वरच्या इयत्तेतील विद्यार्थ्यांकडून अंतरे बदलून ही उदाहरणे फळ्यावर सोडवून घ्यावीत.

पाणवठ्याची योजना

पक्ष्यामागे धावण्यापेक्षा पक्षी जेथे आपणहून येतो तेथे वाट पाहणे केव्हाही श्रेयस्कर. उन्हाळ्यात अशी सर्वांत खात्रीची जागा म्हणजे पाणी होय. मातीची पसरट परळ आवाराच्या निवांत कोपऱ्यात ठेवावी. पाणी कडेला बोटभर व मध्ये थोडे अधिक असावे. मध्यभागी खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पक्ष्यांना उभे राहता येते. जवळचे झुडूप दोन-तीन मीटरांवर असावे. ते फार दूर असेल तर पक्षी उतरण्यास कचरतात आणि अगदी लागून असेल तर मांजरास दबा धरता येतो. परळ रोज घासून पाणी बदलावे. अन्यथा त्यात डासांची वाढ होते व पक्ष्यांमध्ये रोगही पसरतो. हे काम विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने करावे.

परळीच्या शेजारी एक वाळकी फांदी रोवावी. बहुतेक लहान पक्षी थेट पाण्यावर न उतरता आधी अशा फांदीवर क्षणभर बसून चहूकडे पाहतात. छायाचित्राचा क्षण तोच.

मोबाइल ठेवण्यापूर्वी तीन दिवस त्याच्याच आकाराचा लाकडी ठोकळा दोन दगडांच्या मध्ये, फांदीपासून हातभर अंतरावर ठेवावा. पक्षी प्रथम त्याला बिचकतील; पुढे त्याची पर्वा करणार नाहीत. चौथ्या दिवशी ठोकळ्याच्या जागी मोबाइल ठेवून, त्याचा आवाज बंद करून, चलच्चित्र घेण्यास सुरुवात करावी व सर्वांनी दूर जावे. अर्ध्या तासानंतर तो परत आणून त्यातील उत्तम चौकट निवडावी. उन्हाने यंत्र तापू नये म्हणून त्यावर पानांची सावली धरावी.

माघ-फाल्गुनात फुललेली पांगारा, पळस व काटेसावर ही झाडेही पक्ष्यांचे मोठे मेळावे भरवितात. पावसाळ्याच्या अखेरीस गवताला बी धरले, की मुनियांचे थवे बांधावर उतरतात. वड-उंबर पिकले, की तांबट येतो. कोणता पक्षी कोठे व केव्हा येतो याची वर्षभराची नोंद ज्या शाळेत आहे, तेथे छायाचित्रणाचे निम्मे काम झालेच म्हणावयाचे.

आडोसा

ज्यांच्याजवळ मोठे भिंग आहे त्यांनी आडोशाचा उपयोग करावा. चार काठ्या व जुने पोते किंवा मळकट चादर एवढ्यावर आडोसा होतो. कापड ताणून बांधावे; वाऱ्याने ते फडफडले तर पक्षी बुजतात. तो एकदम जवळ उभा न करता प्रथम दूर उभारून, पक्ष्यांचे वर्तन पाहत, दिवसागणिक थोडा थोडा पुढे सरकवावा.

आत शिरतानाची एक जुनी युक्ती अशी की, दोघांनी मिळून आत जावे आणि एकाने मोकळेपणाने चालत निघून जावे. माणूस गेला असे पाहून पक्षी पुष्कळदा निर्धास्त होतो. आत बसणाराने मात्र तास-दोन तास बोलण्याची, खोकण्याची वा कंटाळण्याची मुभा घेऊ नये.

प्रकाश आणि परिसर

सकाळी सूर्य उगवल्यानंतरचे दोन तास आणि मावळण्यापूर्वीचा दीड तास हे सर्वांत चांगले. या वेळी ऊन तिरपे व सौम्य असते आणि पक्षीही खाण्याच्या उद्योगात असतात. सूर्य छायाचित्र घेणाऱ्याच्या पाठीशी असावा. पक्ष्याच्या डोळ्यात प्रकाशाचा बारीकसा ठिपका दिसला, की चित्र सजीव वाटते. म्हणून भिंगाचा नेम नेहमी डोळ्यावर धरावा व शक्य तोवर पक्ष्याच्या पातळीवर बसूनच चित्र घ्यावे. बसलेला लहान पक्षीही सतत मान हालवीत असतो. त्यासाठी शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा मंद नसावा. उडत्या पक्ष्यास सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापर्यंत जावे लागते.

जांभळ्या शिंजिराचा नर सावलीत निव्वळ काळा दिसतो आणि ऊन पडताच निळा-जांभळा चमकतो. ही चमक रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित झाल्याने दिसते. त्यामुळे पक्ष्याने मान फिरविली की रंग पालटतो. एकाच पक्ष्याची तीन बाजूंनी घेतलेली चित्रे शेजारी लावून हा विज्ञानाचा भाग सहज शिकविता येईल. विणीचा हंगाम संपला म्हणजे हाच नर पोटाकडे पिवळट होतो व छातीच्या मध्यावर एक काळी पट्टी तेवढी उरते. यास्तव प्रत्येक चित्राखाली दिनांक लिहिणे अगत्याचे आहे.

पक्षी चित्रभर मोठा दिसलाच पाहिजे, हा आग्रह योग्य नव्हे. चौकटभर भरलेला वेडा राघू सुंदर दिसेल. पण विजेच्या तारेवर बसून खालच्या शेतावरील किडा न्याहाळणारा वेडा राघू अधिक सांगेल. तो कोठे राहतो, काय खातो, शेतकऱ्याच्या कसा उपयोगी पडतो, हे सर्व त्या एका चित्रात येते. लहान पक्ष्याची ओळख त्याच्या झाडासह, पाण्यासह व मातीसह होते. तेव्हा परिसर हा चित्राचा अर्धा विषयच समजावा.

घरट्याची मर्यादा

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. घरट्यावर पक्षी हमखास परत येतो, म्हणून तेथे चित्र सोपे, असा मोह नवशिक्यास पडतो. समजा, कुंपणाच्या मेंदीत बुलबुलाचे घरटे आहे. समोरच्या दोन डहाळ्या आड येतात म्हणून त्या वाकवून बांधल्या आणि चित्र घेतले. चित्र स्वच्छ येते. परंतु डहाळ्यांची सावली गेल्यामुळे दुपारचे ऊन उघड्या पिलांवर पडते. इतके दिवस पानांत लपलेले घरटे कावळ्यास व भारद्वाजास उघडे दिसते. जवळ माणूस असेतोवर आई-बाप चाऱ्यासह दूर फांदीवर ओरडत राहतात आणि पिले उपाशी राहतात. सायंकाळी घरटे रिकामे आढळले, तर दोष कावळ्याचा म्हणता येणार नाही.

इंग्लंडमधील नामवंत पक्षिछायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांच्यावर १९३७ साली वेल्समध्ये घरट्याजवळील आडोशाशी घुबडाने झडप घातली आणि त्यांना एक डोळा कायमचा गमवावा लागला. घुबडाच्या अंगी नखे असल्याने त्याला आपला संताप व्यक्त करता आला. शिंप्याला किंवा बुलबुलाला तसे करता येत नाही. ते केवळ दूर जातात आणि दंड पिलांना भोगावा लागतो. लहान पक्ष्याचे मौन ही त्याची संमती नव्हे.

यास्तव शाळेच्या उपक्रमात एकट्या घरट्यांची छायाचित्रे घेऊच नयेत. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कळीत करण्याचाही समावेश आहे, हे विद्यार्थ्यांस आवर्जून सांगावे. सुगरणीची वसाहत मात्र उघड्यावर असते. तिचे चित्र दूरच्या बांधावरून घेण्यास प्रत्यवाय नाही. ती बहुधा विहिरीवरील बाभळीला असल्यामुळे विद्यार्थ्यांना विहिरीच्या काठाजवळ नेऊ नये. बांधावर एक खुंटी ठोकून दर आठवड्यास त्याच खुंटीपासून चित्र घ्यावे व घरटी मोजावीत.

याशिवाय पुढील पथ्ये पाळावीत. मोबाइलवर पक्ष्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असे समजून तो चारा सोडून व्यर्थ शोधत बसतो. पक्ष्याला उडविण्यासाठी खडा मारू नये. पिंजऱ्यातील वा पाय बांधलेला पक्षी फांदीवर बसवून 'वन्य' म्हणून चित्र काढणे ही लबाडी व क्रूरता दोन्ही होय. घरट्याची जागा चित्रासह सर्वत्र पाठवू नये.

वर्गातील कार्य

राज्य शासनाने २०२० साली जाहीर केल्याप्रमाणे महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस होय. या सप्ताहात वर्षभरातील निवडक दहा छायाचित्रांचे प्रदर्शन वर्गात मांडावे. प्रत्येक चित्राखाली पक्ष्याचे स्थानिक नाव, दिनांक, वेळ, झाड किंवा जागा आणि पक्षी काय करीत होता, या पाच गोष्टी विद्यार्थ्यांच्या अक्षरात असाव्यात. गावातील वडीलधाऱ्यांना बोलावून त्यांना ठाऊक असलेली पक्ष्यांची नावे विचारावीत. एकाच पक्ष्याची दोन-तीन नावे हाती येतील व तीही नोंदवावीत.

ज्या शाळेत एकही कॅमेरा नाही, तिने हा पाठ सोडण्याचे कारण नाही. पाणवठा, नोंदवही आणि शांत बसण्याची सवय एवढ्यावर त्यातील बहुतेक भाग पुरा होतो.

समारोप

चांगले छायाचित्र कोणते, असे विद्यार्थ्यांनी विचारल्यास शिक्षकाने सांगावे : जे घेतल्यानंतर पक्षी पूर्वीसारखाच पाणी पीत राहिला, ते चांगले. धोबी थंडी सरल्यावर उत्तरेकडे निघून जातो आणि पावसाळ्यानंतर पुन्हा येतो. त्याला शाळेचे आवार पुढील वर्षीही सुरक्षित वाटावे, हाच या पाठाचा खरा निकाल होय.

स्वाध्याय

(१) उडण्यापूर्वी पक्षी कोणत्या खुणा करतो ? आवारातील एका पक्ष्यावर लक्ष ठेवून त्या क्रमाने लिहा.
(२) ३०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने ६ मीटरवरील १५ सेंटिमीटर लांबीच्या चिमणीची प्रतिमा किती मिलिमीटर येईल ?
(३) घर कोण विणतो, सुगरणीचा नर की मादी ? हे छायाचित्रावरून कसे ठरवाल ?
(४) घरट्यासमोरील डहाळी वाकविल्याने कोणते तीन अपाय होतात ?
(५) शाळेतील पाणवठ्यावर सकाळच्या अर्ध्या तासात आलेल्या पक्ष्यांचा तक्ता तयार करा.